राजाभाऊंच्या दोन ओळी

सकाळची भांडी आवरून कामवाली सगुणा मधल्या खोलीत डोकावली आणि तिला टेबलावर गोम दिसली. काळी, बोटाएवढी, उताणी पडलेली, पाय वर केलेली. रत्नागिरीत श्रावणात गोम निघणे यात नवल काही नाही. न्हाणीत निघते, चपलेत निघते, शेजारच्या बेहेऱ्यांच्या घरात तर मागल्याच आठवड्यात देव्हाऱ्यात निघाली होती. सगुणाने हातातला कालथा हाणला. ठण्ण आवाज झाला, थोडे पाय वाकले, पण गोम काही चिरडली नाही. सगुणाने आणखी दोन तडाखे घातले, ती सांडशीत धरली आणि मागीलदारी नेऊन शेजाऱ्यांच्या गोठ्यामागच्या शेणात भिरकावून दिली.

"वैनीनू, गोम मारली मी," ती आत येऊन म्हणाली. "पन काय कडक वो. लोखंडाची जशी."

'लोखंडाची' ऐकल्यावर विमलाने हातातले काम टाकले. ती उठून मधल्या खोलीत गेली. टेबलावर नवऱ्याचे सगळे सामान जागच्या जागी होते. काळ्या स्पंजवर उताणी ठेवलेली, दोन्हीकडे धातूचे पाय असलेली ती एक चिप मात्र नव्हती.

विमलाचा नवरा चारुदत्त कॉलेजात फिजिक्सचे प्रयोग दाखवणारा प्रदर्शक होता. मस्कतहून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाने टीव्हीला जोडायचा एक छोटा परदेशी कॉम्प्युटर त्याच्या गळ्यात मारला होता. तो महिन्याभरात बंद पडला. मुंबईच्या अलीकडे तो उघडून बघणारासुद्धा कोणी भेटेना, तेव्हा चारुदत्तने स्वतःच पुस्तके मागवून खटपट सुरू केली. कॉम्प्युटरला जे मुळात ठाऊक असते ते एका चिपमध्ये असते. ती गेली की कोरी चिप आणून तिच्यात तेच पुन्हा भरायचे. चिपच्या पाठीवर काचेची बारीकशी खिडकी असते. तिच्यातून एका विशिष्ट दिव्याचा उजेड आत गेला की चिपला काहीही आठवत नाही. म्हणून खिडकीवर कागद चिकटवून ठेवायचा, आणि पुसायची असेल तेव्हाच काढायचा. चारुदत्तने तसा दिवा मिळवला होता. एका दवाखान्याने मोडीत काढलेली, जंतू मारायची निळसर नळी त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली होती. हळूहळू लोकांच्या कानावर गेले. अलोऱ्याच्या वसाहतीतला एक इंजिनिअर येऊन गेला, जयगडचा एक जहाजावरचा माणूस येऊन गेला. घरात मूलबाळ नव्हते. संध्याकाळ जायला काहीतरी लागते, असे विमला लोकांना सांगायची.

पण टेबलावरून नाहीशी झालेली चिप यांपैकी कोणाची नव्हती. ती पावसच्या राजाभाऊ सोहोनींची होती. राजाभाऊ कलमांच्या बागेचे मालक, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली. त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीरंग मुंबईला शिकत असताना दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. हा कॉम्प्युटर त्याचा. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून राजाभाऊ तो घेऊन आले होते.

"कळा नीट दाबल्या जात नाहीत आणि मधेच बंद पडतो," ते म्हणाले होते. "जमलं तर बघा. फक्त सुरू केल्यावर पडद्यावर दोन ओळी येतात, त्या तेवढ्या सांभाळा. श्रीरंगने घातलेल्या आहेत."

"काय ओळी आहेत?" चारुदत्तने विचारले होते.

"आहेत आपल्या काहीतरी," राजाभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, आणि चारुदत्तला पुढे विचारणे बरे वाटले नाही. चिपमध्ये आहेतच, वाचू म्हणजे कळेल, असा त्याने विचार केला. आधी कळा दुरुस्त कराव्यात, मग चिपची नक्कल काढावी, असा क्रमही ठरवला. त्या क्रमाबद्दल तो पुढे स्वतःला पुष्कळ बोलला.

विमला छत्री घेऊन गोठ्यामागे गेली. चिप सापडली, पण शेणाने माखलेली. तिने ती नळाखाली धुतली. पाठीवरचा कागद भिजून लोंबत होता, तो काढून टाकला. पदराने टिपून कोरडी केली. पण शेणातली वस्तू तशीच टेबलावर कशी ठेवायची? जंतू मारायची सोय घरातच होती. तिने पत्र्याचा डबा उघडला, आत तीन चिपा पाठ वर करून ठेवलेल्या होत्या, त्यांच्या शेजारी ही चौथीही तशीच नीट मांडली आणि झाकण लावले. संध्याकाळी जेवताना सांगू, असे तिने ठरवले.

चारुदत्त भिजून, शिंकत घरी आला. आल्या आल्या त्याने सवयीने डब्याचे बटण दाबले आणि मग कपडे बदलायला गेला. चहा झाल्यावर झाकण उघडले तर चार चिपा.

"विमला, मी यात तीन ठेवल्या होत्या."

"चौथी मी ठेवली," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "शेणात पडली होती. त्याचं काय झालं, सगुणाला वाटलं की..."

तिने सगळे सांगितले. चारुदत्त ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याने चिपचे वाकडे पाय चिमट्याने एकेक करून सरळ केले, ती चिपा वाचायच्या-भरायच्या यंत्रात बसवली आणि वाचून पाहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी. त्याने ती काढून पुन्हा बसवली आणि पुन्हा वाचली.

"रागवा तरी," विमला म्हणाली.

"कोणावर? तिने गोम मारली, तू धुतलीस, बटण मी दाबलं."

कॉम्प्युटरला चालायला जे लागते ते चारुदत्तजवळ होते, कारण त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर त्याच जातीचा होता. नव्हत्या फक्त त्या दोन ओळी. राजाभाऊंना विचारावे तर ओळी गेल्या हे सांगावे लागणार. त्याची हिंमत होईना. मग रविवारी तो भाट्याचा पूल ओलांडून एसटीने पावसला गेला. घरातले व्होल्टेज तपासायला आलो, असे त्याने राजाभाऊंना सांगितले.

राजाभाऊंना गहिवरून आले. "एवढ्या पावसात माझ्यासाठी आलात," म्हणत ते छत्री घेऊन त्याच्या मागोमाग घरभर फिरू लागले. चारुदत्तने माजघरातला प्लग तपासला, ओटीवरचा तपासला. राजाभाऊ पाठ सोडीनात. शेवटी त्यांना कुठेतरी धाडायचे म्हणून तो म्हणाला, "दाब कमी वाटतोय."

"तरीच," राजाभाऊ म्हणाले आणि तडक वायरमन रावजीला बोलवायला बाहेर पडले.

तेवढ्यात चारुदत्तने चुलीपाशी बसलेल्या स्वयंपाकाच्या मालनला गाठले. "मालनबाई, त्या मशिनवर दोन ओळी यायच्या ना, त्या काय होत्या?"

"मला कुठलं विंग्रजी?" मालन म्हणाली. "वरची आखूड, खालची लांब. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की मालक मशीन लावतात. वाचतात नि मान खाली घालून गप बसतात. कधी डोळे पुसतात."

एवढ्यात रावजी शिडीसकट हजर झाला. दाब कमी असल्याचे एकदा चारुदत्तच्या तोंडून गेले होते, ते मागे घेता येईना. रावजीने दुपारपर्यंत माजघरातली निम्मी वायरिंग उपसली आणि उरलेली उद्या बघू म्हणून निघून गेला. राजाभाऊंनी त्या संध्याकाळी कंदील लावला. चारुदत्त परतीच्या गाडीत खिडकीला डोके टेकून बसला होता. ज्याचा मुलगा आपण पुसला, त्याच्या घरातला उजेडही आपणच घालवला, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

रात्री नवराबायको कागद घेऊन बसली.

"साष्टांग नमस्कार," विमलाने सुचवले.

"मुंबईत शिकणारा मुलगा टीव्हीवर साष्टांग नमस्कार घालेल?"

"मग 'काळजी करू नका'."

"हे लिहिलं तेव्हा तो चांगला धडधाकट होता. काळजी कसली?"

विमलाने कागद स्वतःकडे ओढला. "लांब राहणारा मुलगा आणखी काय विचारणार?" ती म्हणाली. "कसे आहात, हेच ना?"

वरची ओळ आखूड, खालची लांब. चारुदत्तने इंग्रजी अक्षरांत वर 'बाबा' घातले, खाली 'कसे आहात'. श्रीरंगच्याच चिपमध्ये भरून त्याने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर ओळी आल्या, आणि विमला एकदम उठून आत निघून गेली.

राजाभाऊ ठरल्या दिवशी आले. चारुदत्तने टीव्ही लावला, कॉम्प्युटर सुरू केला आणि नजर चुकवून उभा राहिला. राजाभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"श्रीरंग मला बाबा म्हणत नसे," ते म्हणाले. "भाऊ म्हणायचा. सगळं गाव म्हणतं तसंच."

चारुदत्तने सगळे सांगून टाकले. गोम, कालथा, शेण, डबा, व्होल्टेज. व्होल्टेजपाशी त्याचा आवाज अगदीच खाली गेला. राजाभाऊ मान खाली घालून ऐकत होते. त्यांचे खांदे हलायला लागले तसे चारुदत्तला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. मग त्याच्या लक्षात आले की राजाभाऊ हसताहेत.

"म्हणजे रावजीने माझं माजघर उगाच खणलं?"

"उगाच," चारुदत्त म्हणाला.

राजाभाऊ पुन्हा हसले आणि मग डोळे पुसत पडद्याकडे बघत राहिले. "चांगलं लिहिलंत तुम्ही. पण कसे आहात, हे मला रोज कोणी ना कोणी विचारतं हो. पोस्टमन विचारतो, एसटीचा कंडक्टर विचारतो. श्रीरंगने कधी विचारलं नाही. त्याचा स्वभावच नव्हता तो."

"मग काय होतं तिथे?"

राजाभाऊ जरा लाजले. "सुट्टी संपवून तो मुंबईला गेला की मी हे उघडून बसायचो. काहीतरी बिघडवायचो. त्याला परत आल्यावर कळायचंच. म्हणून त्याने घातलं होतं, 'भाऊ', आणि खाली, 'पुन्हा हात लावलात ना'."

चारुदत्तने पडद्यावरच्या 'कसे आहात'कडे पाहिले.

"तो गेल्यावर मला चार शब्द सुनवायची कोणाचीच छाती होत नाही," राजाभाऊ म्हणाले. "सगळे जपून वागतात. घरात रोज बोलणं खायला मिळायचं ते तेवढंच. ते परत घालता येईल का?"

चिप पुन्हा डब्यात गेली. निळा उजेड झाकणाच्या फटीतून दिसत होता. ती कोरी होईपर्यंत विमलाने कॉफी केली आणि राजाभाऊंनी श्रीरंगने काय काय मोडले, काय काय जोडले ते सांगितले. मग चारुदत्त अक्षरे टाइप करायला बसला. राजाभाऊ त्याच्या खांद्यावरून बघत होते.

"'लावलात'मध्ये त्याने एक अक्षर जास्त घातलं होतं," ते म्हणाले. "ते तसंच राहू दे."

चिप जागेवर बसली, बटण दाबले, पडदा क्षणभर काळा झाला. राजाभाऊंनी अधीरपणे कळांवर हात ठेवला होता. ओळी उमटल्या. वरची आखूड, खालची लांब, एक अक्षर जास्तीचे. राजाभाऊंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग इकडेतिकडे बघितले आणि हळूच पुन्हा ठेवला.