आत्याचे नव्वद सेकंद

पडद्यावर भीती कशी उभी करायची हे आमच्या अख्ख्या शहरात एकाच माणसाला कळतं. तो माणूस म्हणजे मी! हे मी गर्वानं सांगत नाही, रागानं सांगतोय. कारण बाकीच्यांना ते कळत नाही आणि तरी ते सिनेमे काढतात!

दिवसभर मी चितेगावच्या एका कारखान्यात माल तपासतो आणि नापास करतो. संध्याकाळी आमच्या हौशी चित्रपट मंडळात जाऊन लोकांचे सिनेमे नापास करतो. अकरा वर्षं झाली. त्यातही ऐतिहासिक भयपट लागला की माझं डोकंच फिरतं. जुनी हवेली, पांढरी साडी, कॅमेरा नुसता गरागरा, आणि तिसऱ्या मिनिटाला धाडकन आवाज होऊन पडदाभर चेहरा! अहो, ही भीती नव्हे, हा दचका! दचका तर कुकरच्या शिट्टीनंही बसतो!

भीतीला वेळ द्यावा लागतो. कॅमेरा इतका सावकाश सरकला पाहिजे की तो सरकतोय हे बघणाऱ्याच्या मानेला आधी कळावं आणि डोळ्यांना नंतर. माणूस चौकटीच्या एका कोपऱ्यात बसवायचा आणि बाकीची जागा रिकामी सोडायची. कुणासाठी रिकामी, ते सांगायचं नाही! आणि आवाज यावा तो दिसत नाही तिथून. त्याच्याआधी लांबलचक शांतता. तीनशे वर्षांपूर्वी पंखा नव्हता, फ्रिज नव्हता, मोबाइल तर नव्हताच नव्हता. मग ती शांतता ऐकवा की लोकांना!

हे मी मंडळात ओरडून ओरडून सांगितलं. शेवटी आमचे अध्यक्ष व्यंकटराव चष्मा पुसत म्हणाले, "कडुबाजी, सांगून झालं असेल तर एकदा करून दाखवा. लघुपट स्पर्धेची मुदत येत्या रविवारी सायंकाळी सहापर्यंत आहे."

सगळा हॉल हसला! मी ज्यांना ज्यांना नापास केलं होतं ते सगळे जास्तच हसले. आता माघार घेतली असती तर मला त्या हॉलमध्ये परत तोंड उघडता आलं नसतं, आणि तोंड न उघडता मी जगू शकत नाही.

गोष्ट मी तिथल्या तिथं रचली. साल सतराशे अमुक. पाटील लढाईवर गेलेला, परत आलेला नाही. पाटलीण घरात एकटी. दारावर तीन थापा पडतात. पाटलीण गप्प बसून राहते आणि कॅमेरा तिच्या पाठीमागून दाराकडं सरकतो. नव्वद सेकंद! शब्द नाही, संगीत नाही. कट!

पाटलीण म्हणून माझी आवडाआत्या. पाचवी ते दहावी मी देवगाव रंगारीला तिच्याच घरी राहून शिकलो. तिच्या हातच्या भाकरीवर वाढलो म्हणा ना. तिची धान्याची खोली म्हणजे जाड मातीच्या भिंती आणि सागवानी दार. कोपऱ्यातल्या गॅसच्या टाकीवर गोधडी टाकली की झालं सतरावं शतक, नाहीतर अठरावं!

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी, माझी बायको मोनिका आणि कॅमेऱ्याला पुंडलिकराव. हे गृहस्थ तीस वर्षं लग्नाची शूटिंग करतात. वेरूळ मागं पडेपर्यंत मी त्यांना एकच गोष्ट बजावत होतो, "कॅमेरा सरळ दाराकडं. वाटेत काही झालं तरी वळवायचा नाही!"

"काळजीच नको भाऊ," ते म्हणाले. "नवरी रडायला लागली तरी आपला हात हालत नाय."

काम ठरलं. मोनिका बाहेरून थापा मारणार. माइक आत्याच्या पदराआड. खिडक्यांना घोंगड्या लावून भरदुपारी अंधार केला, पणती लावली. मी पुंडलिकरावांच्या पाठीशी उभा राहिलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, "ॲक्शन."

शांतता. थाप. थाप. थाप.

"ये गं मोनिका, ये! दार नुसतं लोटलंय!" आत्या म्हणाली.

"कट! आत्या, तू बोलायचं नाहीस!"

"आरं, सून उन्हात उभीय बाहेर. तिला ये बी म्हनू नको व्हय?"

"ती मोनिका नाही! ते भूत आहे!"

"कुनाचं?"

"तुझ्या नवऱ्याचं! म्हणजे पाटलाचं. तो लढाईत मेलाय."

आत्या जरा विचारात पडली. "मेला म्हनून काय झालं? घरचाच मानूस हाय ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरा टेक. थाप, थाप, थाप. आत्या नऊ सेकंद गप्प बसली. दहाव्या सेकंदाला खणखणीत आवाजात म्हणाली, "कोन हाय? या, बसा!"

"आत्याऽऽ!"

"तोंडातून आपसूक निघतं रं! दारात मानूस आलं अन् आपन गप, असं हयातीत कधी केलं नाय."

"आज कर! एकदाच कर! माझ्या इज्जतीचा सवाल आहे!" मी इतका ओरडलो की कणगीमागून मांजर पळालं.

तिसऱ्या टेकला आत्यानं खरंच ओठ घट्ट मिटले. मी मनात आकडे मोजू लागलो. वीस... तीस... आणि तिचा हात हलला! सावकाश बाजूचा तांब्या उचलला, वाटीतला गुळाचा खडा घेतला, सरकत सरकत गेली आणि बंद दाराच्या उंबऱ्याशी गूळपाणी मांडून बसली! बरं, ती गेली तर गेली. पुंडलिकरावांचा कॅमेरा दार सोडून तिच्या हातामागं खाली उतरला आणि गुळाच्या खड्यावर जाऊन थांबला!

"पुंडलिकराव! गूळ कशाला दाखवताय?"

"सवय हो भाऊ," ते ओशाळून म्हणाले. "पंगतीत वाढायला हात पुढं आला की कॅमेरा आपोआप ताटावर जातो."

"आणि तू गं आत्या? भुताला गूळपाणी?"

"मोठ्यांदा बोलले का मी? नाय ना? मंग!"

चौथा टेक. आता मी तांब्याही उचलला, गूळही खिशात घातला आणि आत्याला बजावलं, "मी कट म्हटल्याशिवाय हालायचं नाही!" तीन वाजत आले होते. आत्या पुतळ्यासारखी बसली. थापा पडल्या. कॅमेरा सरकू लागला. चाळीस... साठ... सत्तर सेकंद! काय ती शांतता! माझ्याच अंगावर काटा आला.

आणि चौथी थाप पडली. मग पाचवी. मग एकदम दहा-बारा!

झालं होतं असं की शेजारच्या साळूबाईनं मोनिकाला तासभर बंद दारासमोर थापा मारताना पाहिलं होतं. आवडाबाईनं भाचसुनेला घराबाहेर काढलं! पाच मिनिटांत गल्लीभर बातमी. कुणी मोनिकासाठी पाणी आणलं, कुणी छत्री धरली. "अहो, शूटिंग चालूय," असं ती सांगत होती, तर साळूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लेकी, घरची अब्रू झाकतीस, मला समजतं गं!" आणि तिनं दुसऱ्या कुणाकडून तरी नंबर मिळवून मोनिकाच्या भावाला, पैठणच्या बद्रीनाथला, फोन लावला होता.

हे मला नंतर कळलं. मला त्या वेळी एवढंच कळलं की नव्वदातले ब्याऐंशी सेकंद झालेत आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत मोबाइल वाजतोय. मोबाइल माझा होता. बद्रीनाथ ओरडत होता, "दाजी, माझ्या बहिणीला उन्हात उभं केलं? आत्ता निघतो मी!"

तोवर आत्यानं उठून दार सताड उघडलं होतं. "या गं बायांनो, बसा! कडू, पानी दे सगळ्यास्नी!"

माझा तोल गेला. फोन माझा वाजला होता हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच बहुतेक जास्त गेला. "बसा, बसा, बसा! तुझ्या या 'या, बसा'नं माझं वाटोळं केलं! दोन मिनिटं तोंड बंद ठेवता येत नाही का तुला?"

दिवसभर हवी होती तशी शांतता तेव्हा पसरली. कॅमेरा नेमका बंद होता. आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "बरं. ठेवते."

मग ती एक शब्द बोलली नाही. आम्ही न जेवताच निघालो, मुदत गाठायची होती. गाडी सुरू करताना तिनं डबा आणून मोनिकाच्या मांडीवर ठेवला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"माफी मागून या," मोनिका म्हणाली.

"वेळ नाही!" मी खेकसलो.

चौथ्या टेकात गल्लीच्या थापा आणि मोबाइल घुसले होते. हाताशी धड असा तिसरा टेकच होता, तो गुळाचा. पुंडलिकरावांनी गाडीतच मांडीवर लॅपटॉप घेऊन तो कापला, आणि मी रागाच्या भरात न बघता, न ऐकता सहाला दहा मिनिटं असताना जमा केला. पुढचे पंधरा दिवस मी देवगावला फोन लावत राहिलो. रिंग जायची. आत्या उचलायची. आणि पलीकडं नुसती शांतता.

स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसलो. पळायला सोपं. माझा सिनेमा सुरू झाला. तीन थापा पडल्या. कॅमेरा सरकू लागला. आत्याचा हात तांब्याकडं गेला. मी डोळे मिटून घेतले, आता हसणार सगळे! पण कुणी हसलं नाही. कॅमेरा बंद दारावरून खाली, उंबऱ्यावरच्या त्या गुळाच्या खड्यावर आला. आणि मग पदराआडच्या माइकनं पकडलेला आवाज हॉलभर पसरला, माझ्या कानांना त्या दिवशी ऐकूच न आलेला. आत्या दाराला तोंड लावून पुटपुटत होती, "लई दमला असाल."

समोरच्या रांगेतल्या बाईनं नवऱ्याचा दंड धरला. माझ्याही मानेवरचे केस उभे राहिले.

पहिलं बक्षीस! व्यंकटराव माइकवर म्हणाले, "दाराऐवजी गुळावर उतरणारा कॅमेरा! मेलेल्या माणसाशी इतक्या मायेनं बोलणारा आवाज! कडुबाजी, सुचलं कसं हो तुम्हाला?"

मी बक्षिसाची ढाल छातीशी धरली आणि म्हणालो, "अभ्यास!"

मोनिकानं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी त्या रात्रीचं जेवणच नको म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच ढाल घेऊन देवगावला गेलो. आत्याचं दार बंद. हे दार दिवसा कधी बंद पाहिलं नव्हतं. सवयीनं तीनच थापा मारल्या.

आत सुपानं धान्य पाखडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"आत्या, मी आहे. कडू."

काही नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मग आतून पावलं वाजली. सावकाश, एकेक. दाराशी आली आणि थांबली. फटीतून तिची सावली दिसत होती. जी बाई भुतालासुद्धा 'या, बसा' म्हणते, ती मला 'ये' म्हणत नव्हती. आता तिनं कधीच म्हटलं नाही तर? अकरा वर्षं भीतीवर व्याख्यानं झोडली, पण भीती मला त्या दाराबाहेर कळली.

"आत्या, चुकलो गं," मी दाराला तोंड लावून म्हणालो. "फोन माझा वाजला आणि राग तुझ्यावर काढला. बक्षीस मिळालं ते तुझ्या गूळपाण्याला. आणि मी सगळ्यांना सांगितलं, माझा अभ्यास!"

बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला, "झाले का रं नव्वद?"

"काय?"

"शेकंद."

"झाले असतील."

"मंग कट म्हन की! तूच सांगितलंस, कट म्हनल्याबिगर हालायचं नाय."

"कट," मी पुटपुटलो.

"ऐकू नाय आलं. परत म्हन."

"कट!"

एव्हाना साळूबाई ओट्यावर आली होती. मागं आणखी चार बाया. "अगं बया," ती म्हणाली, "आता ह्याला काढलं व्हय घराबाहेर?"

"लई घाईत म्हनलास," आतून आत्या. "नीट, मायेनं म्हन."

मी ढाल काखेत मारली आणि गल्लीभर बायांच्या समोर, जमेल तितक्या मायेनं परत म्हणालो. तोही नापास झाला. चौथ्या टेकला दार उघडलं.