झोपून कळणारी गाडी

बाबालाल कुशनवाले मोटारगाडी झोपून पाहत असत.

हे मी प्रथम पाहिले ते असे. कसबा बावड्यात घर बांधून नुकताच राहायला आलो होतो. शेजारच्या फाटकासमोर एक छोटी गाडी उभी होती. मागच्या उघड्या दारातून दोन अनवाणी तळपाय बाहेर डोकावत होते, आणि गाडीचा मालक दवाखान्याबाहेर नातेवाईक उभे राहतात तसा हात बांधून उभा होता. मी पाटबंधारे खात्यात अभियंता. ज्या गोष्टीला माप नाही तिच्यावर मत द्यायचे नाही, ही माझी सवय. मी घरात निघून गेलो.

पुढे समजले की जुनी गाडी घ्यायची तर आधी बाबालालांना दाखवायची, असा शहरात रिवाज होता. उद्यमनगरात त्यांचे मोटारींच्या बैठका शिवण्याचे दुकान होते. काथ्या, रेक्झिन आणि दाभण यांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. इंजिनाचे झाकण ते उघडत नसत. चपला काढत, डोक्यावरची टोपी पुढच्या काचेखाली ठेवत आणि मागच्या बाकावर उजव्या कुशीवर आडवे होत. गुडघे पोटाशी, तळहात गालाखाली. काखेतून आणलेला एक छोटा लोड ते कमरेखाली सरकवत, डोळे मिटत आणि आज्ञा देत, "चला."

गाडी साखर कारखान्याच्या रस्त्याने न्यायची. उसाच्या बैलगाड्यांनी त्या रस्त्याची जी अवस्था केली होती, तिच्यावर सरकारी माणूस म्हणून मी अधिक लिहीत नाही. परत आल्यावर बाबालाल उठून बसत, टोपी घालत आणि निकाल देत. "मणका शाबूत हाय, घ्या." किंवा, "मणका गेलाय, नगा." अपील नसे.

मिस्त्री लोक चिडत. एकाने माझ्यादेखत विचारले, "बाबालाल, निदान बॉनेट तरी उघडून बघा की!"

"इंजान बिघडलं तर तू हाईस की दुरुस्तीला," बाबालाल म्हणाले. "बैठकीनं दगा दिल्यावर माणसाला कोण दुरुस्त करणार? गाडी बसून कळत न्हाय गड्या. झोपून कळती."

हे त्यांचे ब्रीदवाक्य. दिवसातून चार वेळा ऐकू येई, कारण ते हळू बोलत नसत. त्यांची कुजबुज आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट पोहोचत असे.

त्या काळी आपल्या रस्त्यांवर मुख्यतः दोनच गाड्या होत्या, मोठी आणि छोटी. बाबालालांचा जीव छोटीवर. चार दारांची, आटोपशीर बांध्याची, चढाला न कुरकुरणारी ती गाडी वीस-पंचवीस वर्षांत अनेकदा बदलली. बाबालालांनी तिच्या चार पिढ्या पाहिल्या होत्या आणि प्रत्येक पिढीला घरातले नाते दिले होते. गिऱ्हाइकाला ते वर्ष विचारत नसत. विचारत, "आजी हाय का सासू?"

आजी म्हणजे साठ सालाच्या आसपासची. तिची पुढची दारे उलटी उघडत. "आजीला घाई न्हाय बगा. आदी बूड टेकायचं, मग पाय आत घ्यायचं. लुगडं कुटं अडकत न्हाय. आनि पत्रा असा, की बैल धडकला तर बैलालाच टाकं." तिच्यामागून सासू आली. दारे सुलटी झाली, बांधा तोच राहिला. गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढचा बाक अखंड. मागचा तर पलंगच. "सासू आवाज करती, पर घर सोडून जात न्हाय." सून सत्तर सालानंतरची. नवा चेहरा, पुढे चकचकीत जाळी, पत्रा हलका. "देखणी हाय. पर हळू बोलायचं तिच्यासंगं. बोट लावलं की पोचा." घरात म्हातारी माणसे असतील तर आजी, रोज शेतावर जायचे असेल तर सासू, आणि लग्नात मिरवायचे असेल तर सून, असा त्यांचा सल्ला असे. माझ्या माहितीत तो चुकलेला नाही.

हातकणंगल्याचे एक बागायतदार होते, नाना. त्यांनी सासू बघायला आणली. बाबालाल मागे आडवे झाले, नाना चालवू लागले. कारखान्याला एक फेरी झाली. मागून आवाज नाही. नानांनी हाक मारली, "पावणं?" उत्तर नाही. वळून पाहिले तर बाबालाल गाढ झोपलेले. आता उठवावे, तर परीक्षा मोडेल. थांबावे, तर झोप मोडेल. नाना फिरत राहिले. पेट्रोल संपून गाडी आमच्या दारात ढकलत आणली, तेव्हा धक्क्याने बाबालाल जागे झाले.

"घ्या," ते म्हणाले.

"अवो, पर तुमी बघितली कुटं? झोपलाय की मगाधरनं!"

"मग आनि काय बघायचं? झोप लागली की घ्यायची."

नानांनी ती घेतली आणि आठ वर्षे वापरली.

बाबालालांच्या घरात दोनच माणसे. त्यांची पत्नी जैनबभाभी दुकानाच्या माळ्यावरून काथ्याचे गठ्ठे काढताना पडल्या होत्या. पाठीचा कणा दुखावला होता. घरात भिंतीला धरून त्या चार पावले टाकत. उरलेला दिवस खिडकीपाशी खाटेवर. त्यांचे माहेर चंदगड तालुक्यात, काजूच्या बागांत. तिकडे त्यांची आई होती. आईला दिसत नव्हते, त्यामुळे पत्राचा उपयोग नव्हता. दरवर्षी माहेरचा कोणी काजूची पिशवी घेऊन येई आणि तोच निरोप सांगे, "म्हातारी इचारती, जैनब कवा येनार?" एस.टी.चा विचारच नव्हता. एकदा भाड्याची गाडी केली, तर कागलपासून परत यावे लागले. हे सर्व मला माहीत होते. शेजाऱ्याला जितके माहीत असते तितके.

मी निवृत्त झालो तेव्हा छोटीची चौथी पिढी आली होती. हिला बाबालाल नात म्हणत. पुढे दोन स्वतंत्र खोलगट खुर्च्या, मध्ये जमिनीतून उगवलेली गिअरची दांडी, बसका बांधा आणि वेग. बाबालालांना ती रुचली नाही. "ही कसली गाडी? नवरा-बायकूच्या मदी दांडी!" मला मात्र ती आवडली. आयुष्यभर सरकारी जीपमध्ये बसलेल्या, साठीकडे झुकलेल्या माणसाला तशी गाडी का आवडावी, याचे कारण देणे मला प्रशस्त वाटत नाही. आवडली.

शहर सोडून जाणारे एक डॉक्टर आपली जवळजवळ नवी नात विकत होते. मी ती बाबालालांना दाखवली. त्यांनी चपला काढल्या, टोपी ठेवली, लोड सरकवला. आडवे होताना या वेळी त्यांना जरा वेळ लागला. मागची बैठकही दोन खळग्यांची होती, मध्ये उंचवटा. मी कारखान्याच्या रस्त्याने गाडी नेऊन आणली. गाडी उत्तम वाटत होती.

बाबालाल उतरले. टोपी घालायला विसरले. "नगा घेऊ, साहेब."

"दोष काय?"

"मणका गेलाय."

मी डॉक्टरांना नकार कळवला. ते दुखावले. तिसऱ्याच दिवशी गाडी दुसऱ्या कोणी घेतली, आणि दैवयोग असा की घेणारा आमच्याच रस्त्याने रोज जाई. ती गाडी खड्ड्यांतूनही पाण्यावरून जावी तशी जात असे. मी अभियंता आहे. मणका गेलेली गाडी कशी चालते हे मला कळते.

आठवड्याने सकाळी बाबालाल आमच्या फाटकाशी आले. आत या म्हटले तरी आले नाहीत.

"साहेब, गाडी चोख हुती. मी खोटं बोललो."

त्यांचा आवाज मला प्रथमच नीट ऐकू आला नाही.

"का?"

ते फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. मी रागावलो होतो. मी म्हणालो, "आजवर लोकांनी तुमच्या शब्दावर गाड्या घेतल्या. आता का घ्याव्यात?"

"न्हाय घेतल्या पायजेत," ते म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून त्यांनी गाड्या पाहणे बंद केले. गिऱ्हाइके येत आणि परत जात. सांगलीहून आलेल्या एका कुटुंबाला त्यांनी चहा दिला, पण गाडीकडे मान वळवली नाही. "नजर गेली माजी," एवढेच सांगितले. टोपी घरात खुंटीवर राहिली. गल्लीतला तो मोठा आवाज थांबला आणि आमच्या स्वयंपाकघरात अस्वस्थ करणारी शांतता झाली.

ती शांतता माझ्या पत्नीने मोडली. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुम्हाला धरणाची गळती दिसते. शेजारच्या घरातली दिसत नाही."

मी स्पष्टीकरण मागितले.

"बाबालालभाई आधी बसूनच गाड्या बघायचे. झोपायला लागले ते भाभी पडल्यावर. भाभींना उजव्या कुशीवरच पडता येतं. तो लोड त्यांचाच आहे. उंची दोघांची एकच. प्रत्येक गाडीत आधी ते झोपून बघतात, आणि घरी जाऊन भाभींना सांगतात, आज एक मिळाली हुती बघ, हिच्यातनं तू चंदगडला पोचली असतीस."

"मग एखादी भाड्याने का घेत नाहीत?"

"घेतली होती ना एकदा. तुम्हाला कागलचं माहीत आहे, पण कागलला काय झालं ते माहीत नाही. धक्के बसले, भाभी कण्हल्या, तर ड्रायव्हर म्हणाला, गप बसा, मला चालवू द्या. भाभींनी गाडी फिरवायला लावली. मला म्हणाल्या, कण्हायचं तर आपल्या माणसांत कण्हावं." तिने पोळी तव्यावर टाकली. "या गल्लीत गाडी घेणारं आपलं माणूस एकच. तुम्ही. आणि तुम्ही आणलीत नात, जिच्यात भाभींना झोपताच येणार नाही."

मी जेवलो. ताक घेतले. मग हातकणंगल्याला गेलो.

नानांचा मुलगा नव्या गाडीसाठी हटून बसल्याचे ऐकले होते. ते खरे निघाले. नाना सासू विकायला तयार होते. दोन दिवसांनी त्यांनी स्वतः ती आणून दिली. "ह्या गाडीत पावणं झोपलं हुतं," त्यांनी माझ्या पत्नीला अभिमानाने सांगितले. पत्नी म्हणाली, "सासू माझी एक होती तेवढी पुरे होती." पण तिने मागच्या बाकावर धुतलेली चादर अंथरली.

मी बाबालालांच्या दारात गेलो. ते खाटेजवळ बसून लसूण सोलत होते. भाभी खिडकीपाशी होत्या.

"बाबालाल, गाडी पाहायची आहे."

"मी बगत न्हाय आता, साहेब."

"तुम्हाला कोण सांगतो आहे? तुमचा शब्द गेला, तो गेला. आता ज्यांचा लोड आहे त्यांनी गाडी पाहायची."

बाबालालांच्या हातातला लसूण हातातच राहिला. भाभींनी माझ्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे, आणि म्हणाल्या, "माझी पांघरायची चादर द्या की. नुसतं बघत काय बसलाय?"

त्यांना खाटेवरून गाडीपर्यंत न्यायला माझी पत्नी आणि बाबालाल लागले. दार उघडून धरण्याचे काम माझे. भाभी उजव्या कुशीवर आडव्या झाल्या. गुडघे पोटाशी, तळहात गालाखाली. ती मुद्रा मी दहा वर्षे दुसऱ्याच माणसाच्या देहावर पाहिली होती. बाबालालांनी लोड सरकवला. मग मी पाहिल्यापासून प्रथमच ते पुढच्या बाकावर बसले, तेही तोंड मागे करून, काचेकडे पाठ.

"चला," भाभी म्हणाल्या.

मी कारखान्याच्या रस्त्याला लागलो. पहिल्या खड्ड्याला त्या कण्हल्या. मोठ्याने कण्हल्या. मी वेग कमी केला आणि म्हणालो, "हा रस्ता आमच्या खात्याचा नाही." हे खरे होते, विनोद करण्याचा हेतू नव्हता. पण मागून हसण्याचा आवाज आला. दुसऱ्या खड्ड्याला त्या थोड्या कण्हल्या. पाचव्यापासून मी मोजणे सोडले.

"जैनब, लागतंय का?" बाबालाल विचारत होते. "फिरवायची का माघारी?"

"गप बसा जरा," त्या म्हणाल्या. "म्हातारीला काय न्यावं त्याचा इचार करतीय."

कारखान्याच्या फाटकाशी मी आरशात पाहिले, पण बाबालालांच्या डोक्यामुळे काही दिसेना.

"भाभी काय म्हणतात?" मी विचारले. "घेऊ ना?" सौदा होऊन दोन दिवस झाले होते, पण निकाल झाल्याशिवाय गाडी घेतली असे मला वाटत नव्हते.

बाबालालांनी ओठांवर बोट ठेवले. "झोपली," ते म्हणाले. त्यांनी कुजबुज केली, आणि ती खरोखर कुजबुज होती. "अकरा वर्षांत दुपारची डोळा लागून झोपली न्हवती, साहेब."

रविवारी चंदगडला निघायचे हे न बोलताच ठरले. घराकडे जाणारे वळण आले. थांबलो असतो तर झोप मोडली असती. मी पेट्रोलचा काटा पाहिला. कारखान्याला आणखी तीन फेऱ्या होतील इतके होते. मी गाडी सरळ नेली.