बुटांसमोर दिलेली परीक्षा

"मुंडी हलवून कोण पास करीत नाय, तोंड उघडा जरा!" डबा हातात देताना सुगंधाने नवऱ्याला बजावलं, आणि तिचं काय चुकलं? सहदेव परबची बावीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत गेलेली. बंद मोटारीवर नुसता तळहात ठेवून तो दुखणं सांगायचा. पण परवान्याच्या तोंडी परीक्षेत परीक्षक मोकाशीसाहेबांचा चष्मा समोर आला की ह्याची जीभ टाळ्याला चिकटायची. दोनदा नापास. आज शेवटची खेप; गेली तर पन्नाशीला टेकलेला हा कसबी माणूस कायमचा हेल्पर!

बरं, हा परवान्याचा नियम युनियननेच कंपनीशी भांडून मिळवलेला. मुलुंडला एका हेल्परची दोन बोटं गेली तेव्हा सभेत ठराव झाला: परवाना नाही, तर लिफ्टला हात नाही. त्या ठरावाला सगळ्यात आधी हात वर केला तो सहदेवनेच. असा सरळ माणूस!

परीक्षा अंधेरीला, कंपनीच्या ऑफिसात, पाचव्या मजल्यावर. सहदेव आणि युनियनचे सेक्रेटरी भाऊराव जिना चढत तिसऱ्या मजल्यावर आले, तेवढ्यात बाजूने वर जाणारी लिफ्ट खट्‌ करून अडकली. जाळीतून बघावं तर वरच्या अंगाला फक्त दोन काळे बूट आणि छत्रीचं टोक.

"कोण आहे बाहेर? मी मोकाशी! लिफ्ट बंद पडली!" वरून आवाज आला.

सहदेवने एकदाच वर पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तो तोंड उघडणार, तोच भाऊरावांनी त्याचं तोंड दाबलं.

"हात लावायचा नाय, सल्ला पण द्यायचा नाय! ठराव कुणाचा?"

"अरे, पण साहेब अडकलेत ना!"

"परवानेवाले आपले तीन. एक बोरिवलीला, एक घाटकोपरला, तिसरा गावी. तू परवाना दाखव आणि खुशाल कर काम."

"आणि परवाना देणार कोण?"

दोघांनी वर बुटांकडे पाहिलं.

"साहेब," भाऊराव ओरडले, "मेकॅनिक हाय, पण बिनपरवान्याचा. परीक्षा इथंच घेता काय?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"मग बोरिवलीचा माणूस येईपर्यंत दोन तास बसा."

बूट जरा घुटमळले. मग कागद चाळल्याचा आवाज आला. "उमेदवाराचं नाव?"

"सहदेव परब, साहेब!"

आवाज असा खणखणीत निघाला की भाऊराव बघतच राहिले. चष्मा कुठे होता समोर? आणि बुटांना कोण भितंय!

"लिफ्टचा दोर कधी बदलायचा?" सहदेवने तारा कशा मोजायच्या, गंज कुठे धरतो, सगळं घडाघडा सांगितलं. ऐकत राहावं असं!

"माणूस आत अडकला असेल तर आधी काय कराल?"

"त्याला धीर द्यायचा, साहेब. घाबरू नका, हवा भरपूर हाय."

"...बरोबर," बूट हळूच म्हणाले. "आता शेवटचा प्रश्न. लिफ्ट मध्येच थांबली तर पहिलं काय बघाल?"

"आतलं दार! बोटभर फट पडली तरी करंट तुटतो. फटीत अडकलंय ते काढायचं, दार घट्ट ओढायचं, बटण दाबायचं. मोटारीपर्यंत जायलाच लागत नाय."

"वा! पैकीच्या पैकी!" साहेब खूश झाले. छत्री होती तिथेच राहिली.

सही केलेला परवाना जाळीतून खाली आला. सहदेवने तो कपाळाला लावला, खिशात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, आता दाराच्या फटीतनं तुमची छत्री काढा."

 मग छत्रीचं टोक आत गेलं, दार खडखडलं आणि लिफ्ट गुपचूप तिसऱ्या मजल्यावर येऊन उभी राहिली. घामाघूम मोकाशीसाहेब बाहेर आले. त्यांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि सहदेवकडे रोखून पाहिलं. इतकी वर्षं हाच प्रश्न विचारणारा माणूस! पण नजरेत राग नव्हता, कौतुकच होतं.

"परब, एका नजरेत ओळखलंत? कसं काय हो?"

सहदेवने मुंडी हलवली. जीभ पुन्हा टाळ्याला!

"अहो, बोला की आता!"

"असा नाय बोलायचा तो," भाऊरावांनी अदबीने लिफ्टचं दार उघडून धरलं. "साहेब, तुम्ही परत वर जाऊन अडका."