आंबिलीतले मीठ

मारुतीअप्पांचे बांबूचे बेट मी मारले. भालकीत ही गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती; खुद्द अप्पांनाही नाही. त्यांची समजूत निराळी होती. ती मी खोडून काढली नाही, हा माझा दुसरा अपराध, आणि तोच मोठा.

अप्पा माझे शेजारी, पोस्टातून निवृत्त झालेले. राजेश्वर गावची जमीन विकून त्यांनी संजूला, एकुलत्या मुलाला, पुण्यात शिकवले. तो कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला, तेव्हा अप्पांनी आमच्या सामाईक भिंतीलगत शोभेचा बांबू लावला. पिवळाधमक, हिरव्या रेघांचा. पावसाळ्यात नवा कोंब निघाला की ते सकाळी त्याला कान लावून बसत. मी फिरायला निघालो की ओठांवर बोट ठेवीत.

"हळू चाला, सर. वाढायलाय."

काल गुडघ्याला असलेला कोंब आज मांडीला आला, ही वार्ता गल्लीभर होई. लग्न कोणाचेही असो, अप्पांचा आहेर ठरलेला : बांबूच्या पेराची फुलदाणी. ती कधीच सरळ उभी राहिली नाही. आमच्या घरी तिच्यात लाटणे ठेवीत, तेही तिरके.

"दारात तिरडीचं झाड कामून लावलाव?" समोरच्या अक्का विचारत.

"मेल्यावर बाजार हिंडू का, अक्का? घरचं हाय, बरं हाय!"

वेळ अमावस्येला आमच्याकडे सारा गाव शेतात जेवतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, बांधायची, भाज्या-डाळींची भज्जी आणि ज्वारीची आंबट आंबील खायची, उरलेली आंबील 'ओलगे ओलगे' म्हणत पिकावर शिंपडायची. अप्पांना शेत उरले नव्हते. ते बेटालाच कडबा टेकवून कोप करीत, बुंध्याशी आंबील शिंपडीत आणि संजूला फोन लावीत.

"कोप बांधलीय. येतूस का?"

पलीकडून 'पुढल्या साली' असे येई.

"घाई न्हाई," अप्पा म्हणत. "बेट कुठं जायलंय?"

एका वर्षी त्या बेटाचा एक कोंब भिंतीखालून येऊन माझ्या नव्या सिमेंटच्या अंगणाला तडा देऊन वर आला. अप्पांना सांगितले असते तर ते स्वतः पहार घेऊन आले असते. पण मी मवाळ माणूस. कोणाशी वाद घालत नाही. मी खडे मीठ पाण्यात विरघळवून भिंतीच्या बुडाशी ओतू लागलो. सारा हिवाळा ओतले.

उन्हाळ्यापर्यंत बेट वाळून पांढरे पडले. अप्पा एक पेर हातात धरून उभे होते.

"माझ्याच हातानं मेलं, सर. औंदा आंबिलीत मीठ जास्ती पडलं होतं."

मी म्हणालो, "असेल."

त्या दिवसापासून अप्पा अळणी जेवू लागले. पुढच्या वेळ अमावस्येला कोप झाली नाही, फोनही झाला नाही. मी विचारले, तर म्हणाले, "शेतच न्हाई ऱ्हायलं. पोराला कशावर बोलवू?" संजूचाही फोन आला नाही, त्यानंतर कुठल्याच अमावस्येला आला नाही.

यंदा मी तांब्याभर आंबील घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. अप्पा फार वाळले आहेत. त्यांनी तांब्या हातात घेतला, तोंडाशी नेला आणि थांबले.

"मीठ घातलंय का, सर?"

"घातले आहे, अप्पा. प्या. तुमच्या आंबिलीने बेट मेले नाही. भिंतीपलीकडून खारे पाणी मी ओतत होतो. मला क्षमा करा."