एका घोटात काम

"दोन लिटर? एवढं पाणी तं मी जेवता जेवता पेतो," असं बंडूजींनी वर्ध्याच्या दवाखान्यात सगळ्यांदेखत ऐकवलं. दुर्बिणीनं त्यांचं आतडं तपासायचं होतं. त्याआधी पोट धुऊन निघावं म्हणून एक पावडर दोन लिटर पाण्यात कालवून पेला पेला प्यायची. किडन्या जरा कमजोर आहेत, तेव्हा हीच घ्या, दुसरं काही नको, असं नर्सबाईंनी दोनदा बजावलं. बंडूजी तेव्हा शेजारच्या पेशंटला आपली पचनशक्ती समजावत होते. त्यांच्या बायकोनं, शोभाबाईंनी मात्र शब्द न् शब्द ऐकला.

सिंदी मेघेतल्या बंडूजींच्या किराणा दुकानात ही गोष्ट शेजारच्या प्रेमदास टेलरच्या कानावर गेली. मागच्या वर्षी त्याचीही हीच तपासणी झाली होती आणि पोट साफ करायच्या औषधाची एक छोटी बाटली उरली होती.

"बादलीभर काऊन पेता जी? हे घ्या. एका घोटात काम."

बंडूजींना पटलंच. चिमूटभर हिंगानं कढईभर वरण घमघमतं, हे त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. बाटली त्यांनी हिंगाच्या डब्यामागं लपवली.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी शोभाबाई घरात पावडर कालवायला बसल्या आणि इकडे दुकानात बंडूजींनी बाटली घशात रिकामी केली. खारट, आंबट, जबरदस्त! दहा मिनिटांत पोटात गुडगुड सुरू झाली. साखर मोजता मोजता ते उठले ते थेट परसात. परत येतात तोच पुन्हा. असं पाचदा झालं. मग ते विजयी मुद्रेनं बायकोसमोर उभे राहिले.

"फेकून दे तुही पावडर. प्रेमदासच्या औषधानं पोट साफ."

शोभाबाई पेला भरतच राहिल्या. "त्या बाटलीत मीठ-लिंबाचं पाणी होतं जी."

बंडूजींनी खिशातली रिकामी बाटली काढून हुंगली.

"सकाळी हिंग घ्याले गेली तं बाटली दिसली. एसटीडी बूथवरून नर्सबाईले नाव वाचून दाखवलं. थे म्हणे, तुमच्यासारख्याले हे देल्लं तं किडन्या कायमच्या जातीन. मंग मी बाटली मोरीत रिकामी केली अन् हे पाणी भरून ठेवलं."

"अन् मी पाचदा गेलतो, थे?"

"थे तुमच्या भरोशानं."

नुसत्या भरोशावर पाच खेपा करणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, हे मान्य करायला हवं. पण खरी कमाल पाचवी शिकलेल्या शोभाबाईंची. भांडण नाही, बोभाटा नाही, माणूस वाचवून मोकळ्या! बंडूजींना ते कळलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वाद न घालता तिच्या हातून पेला घेतला, अर्धा प्यायले आणि हळूच म्हणाले,

"पाचदा तं झालंच हाये. थोडं कमी पेलं तं नाई चालत काय?"

"थे बी सकाळीच इचारून ठेवलं," शोभाबाई पुढचा पेला भरत म्हणाल्या. "नाई म्हणे."