बॅटरीला उकडू नये म्हणून

डेल्बर्ट हौगेनचा ट्रेलर ॲरिझोनाच्या वाळवंटात एका डेरेदार मेस्किट झाडाच्या सावलीत उभा होता आणि आत कोणालाही फारसं उकडत नव्हतं. सगळ्या अडचणीचं मूळ हेच होतं. मिनेसोटात एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेल्या डेल्बर्टला सूर्यस्वावलंबी शिबिरार्थी मंडळाचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळवायचं तर पारा शंभर फॅरनहाइटच्या वर असलेल्या दिवशी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, ट्रेलरचा एसी निव्वळ ऊन आणि बॅटरीवर अखंड चालवून दाखवायचा. जनरेटर लावणाऱ्याला मंडळात कोणी चहाही विचारत नसे. थंडी टाळायला आलेली शहाणी माणसं एप्रिलातच उत्तरेला परतली होती. डेल्बर्ट मात्र मेपर्यंत उकाड्याची वाट बघत थांबला होता आणि त्याच्यापायी त्याची बायको आर्लिसही.

सावलीत छतावरच्या पॅनेलांना ऊन मिळेना, म्हणून त्याने ट्रेलर उघड्यावर नेला. तासाभरात आत भट्टी पेटली.

"आता बघ," तो आनंदाने म्हणाला, "एसीची किती गरज आहे ते."

"झाडाखाली नव्हती," आर्लिस म्हणाली.

"झाडाखाली चालवताही येत नव्हता."

ती पंखा घालत राहिली.

दोन पॅनेलांवर एसी घरघरला आणि गप्प झाला. मग आठ पॅनेलं आली आणि पलंगाखाली सहा बॅटऱ्या. पण ट्रेलरची भारक्षमता ठरलेली, आणि ती ओलांडू देणं डेल्बर्टच्या रक्तात नव्हतं. त्याने वजनकाटा आणून एकेक वस्तू तोलली. आर्लिसचं शिलाई मशीन 'अनावश्यक भार' ठरलं. तिच्या आईचा बिडाचा तवा 'भावनिक भार' या नव्या सदरात गेला. मग खुर्च्या, पांघरुणं आणि शेवटी गादी. हे सगळं शेजारच्या नेडीनच्या तंबूत जाऊन पडलं. नेडीन जनरेटरवाली, त्यामुळे वाळीत टाकलेली, आणि त्यामुळेच तिच्याकडे जागा भरपूर.

एवढं झाल्यावर कळलं की बॅटऱ्यांनाही उकडतं. ठरावीक तापमानापलीकडे त्या स्वतःहून काम थांबवतात. कामगार म्हणून त्यांना हा हक्क होता, आर्लिसला नव्हता. डेल्बर्टने एसीला नळकांडं जोडलं आणि गार हवा थेट पलंगाखाली सोडली. बॅटऱ्या खूश झाल्या, बाकीचा ट्रेलर तापलेलाच राहिला.

"म्हणजे एसी बॅटरीसाठी, आणि बॅटरी एसीसाठी," आर्लिस म्हणाली. "यात मी कुठे बसते?"

प्रश्न तांत्रिक समजून डेल्बर्टने वही काढली. माणसाच्या अंगातून सुमारे शंभर वॅट उष्णता निघते. दोघांची मिळून दोनशे, शिवाय दार उघडण्याचं नुकसान वेगळं. माणसं बाहेर राहिली तर सगळंच जुळत होतं. त्याने दारावर प्रवेशनोंदणीचा कागद लावला: नाव, वेळ, कारण. फ्रिजमधलं लोणी आणायला आत गेलेल्या आर्लिसला 'कारण अपुरे' असा शेरा मिळाला.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "डेल, उद्या दुपारी चारला मला त्या गार हवेत पाय पसरून, लिंबूसरबत पीत बसायचंय. नाहीतर मी डुलुथला विवियनकडे चालले. बहिणीच्या घरी पंखा आहे आणि तो माणसांसाठी आहे."

"उद्या फक्त चाचणी होऊ दे."

"पस्तीस वर्षं होऊच देतेय."

दुसऱ्या दिवशी पारा एकशे चारवर गेला. मंडळाचे सचिव मर्ल कोपेकी हातात घड्याळ धरून, छत्रीखाली, घामाघूम होऊन बसले. आत एसी एकसुरात गात होता आणि बाहेर डेल्बर्ट ट्रेलरच्या पोटाखाली आडवा पडून तिथे टांगलेल्या मीटरवरून बॅटरीचे टक्के मोठ्याने वाचत होता. बरोबर चारला आर्लिस आली. तिच्या हातात बॅग होती.

"दार उघडलंस?" तो दचकून बाहेर सरपटला.

"बॅग सूर्योदयाआधीच काढली. तुझी चाचणी मोडायला नको म्हणून."

नेडीन गाडी सुरू करून थांबली होती, आणि तिच्या गाडीतला एसी कोणाच्याही परवानगीशिवाय चालू होता.

"आर्लिस, थांब," तो म्हणाला.

ती थांबली. पस्तीस वर्षांच्या सवयीने तिला आशा वाटली.

"जाता जाता दार नीट लागलंय ना, तेवढं बघतेस?"

तिने बघितलं. लागलं होतं. गाडी धूळ उडवत निघून गेली.

सूर्य मावळला. मर्ल यांनी प्रमाणपत्र दिलं, हात मिळवला आणि आतला गारवा न अनुभवताच ते घाईने परतले. त्यांच्या ट्रेलरचीही फेरतपासणी जवळ आली होती आणि तिथलं दार बराच वेळ उघडं राहिलं असण्याची त्यांना धास्ती होती. डेल्बर्ट पहिल्यांदाच बिनधास्त आत शिरला. नळकांडं काढल्यावर पाच मिनिटांत सगळीकडे गारेगार झालं. बसायला खुर्ची नव्हती, झोपायला गादी नव्हती. थंडी वाजू लागली, तर पांघरूणही नव्हतं. शेवटी तो बाहेर येऊन उबदार वाळूत बसला आणि त्याने आर्लिसला फोन लावला.

"पास झालो," तो म्हणाला. "बॅटरी अजून त्रेसष्ट टक्के."

"छान. आणि तू किती?"

डेल्बर्टने सवयीने शेजारच्या वजनकाट्याकडे पाहिलं. तिथे तसा आकडा नव्हता. त्याला फार एकटं वाटलं.

हसा त्याला, खुशाल हसा. फक्त परवा पाहुणे म्हणून गेलात, तेव्हा यजमानांची तब्येत विचारायच्या आधी चार्जर कोणी मागितला होता, तेवढं आठवून बघा.