पाकीट आणि पिंजरा

वेंडेल टॅकेटने न्याहारीचं बिल हातात घ्यायला नकार दिला, तेव्हाच डार्लीनने ओळखलं की आज नवऱ्याच्या अंगात संशयाचं भूत शिरलंय. बिल मुकाट्याने तिनेच घेतलं.

भूत घातलं होतं वकिलाने. वेंडेल ज्या झुंजी भरवायचा त्या अगदी नव्या तऱ्हेच्या. जाळीच्या आठकोनी पिंजऱ्यात दोन गडी सोडायचे; बॉक्सिंग, कुस्ती, ज्युडो, ज्याला जे येतं ते त्याने करायचं. वर्तमानपत्रं याला माणसांची कोंबडझुंज म्हणत. दोन राज्यांनी ऐनवेळी बंदी घालून पिंजरा ट्रकवर चढवायला लावला होता. आता अलाबामातल्या या एवढ्याशा गावातही एक आमदार कोर्टात गेला होता. वकिलाने बजावलं होतं, "मनाईहुकूम हातात पडला तरच लागू होतो. शुक्रवारी झुंज सुरू होईपर्यंत कुणाचाही कागद घेऊ नकोस."

डार्लीननेही आपल्या परीने बजावलं होतं: हाही खेळ बुडाला तर पिंजरा याच गावाबाहेरच्या तिच्या भावाच्या कोंबड्यांच्या फार्मवर जाणार, आणि पाठोपाठ वेंडेल. वेंडेलला तर कोंबड्यांचा वासही सोसत नसे.

त्यामुळे शुक्रवारी वेंडेल फारच सावध होता. चर्चमधल्या एका म्हातारीने प्रार्थनासभेचं पत्रक पुढे केलं, तर याने दोन्ही हात खिशात घातले. त्याच्याच एका पैलवानाने आईला दाखवायला सही मागितली, तर त्याचीही झडती घेतली. हॉटेलच्या खोलीतला फोन सकाळपासून खणखणत होता. कोर्टवाले आपण आत आहोत का ते बघतायत, असं म्हणून त्याने त्याची वायरच उपटली.

दुपारी तो आला. तपकिरी हॅट, बगलेत लांबट पाकीट. वेंडेल मागच्या दाराने निघाला, तर हा मागच्या दारापाशी हजर. वेंडेल न्हाव्याच्या दुकानात घुसला, तर हा बाहेर बाकावर बसून राहिला. शेवटी वेंडेल धावत सभागृहात गेला, पिंजऱ्यात शिरला आणि आतून कुलूप लावून घेतलं.

हॅटवाला धापा टाकत जाळीपाशी आला. "मी ऑर्विल पीट, कोर्टाचा बेलिफ. एवढं घ्या ना साहेब. पाचच्या आत सही हवी."

"काय आहे त्यात?"

"सीलबंद आहे. मला काय ठाऊक? मी नुसता वाटतो."

"मग दुसरीकडे वाटा. मी काय काल जन्मलोय?"

"घे की रे बाबा," डार्लीन बाहेरून म्हणाली. "निदान उघडून तरी बघू."

वेंडेलला आता बायकोचाही संशय आला. भाऊ हिचा, कोंबड्या हिच्या भावाच्या. "तुला तर हेच हवंय," तो म्हणाला आणि पिंजऱ्याच्या मधोमध मांडी घालून बसला. जाळीच्या भोकांतून पाकीट जाईना. ऑर्विलने वरून टाकून बघितलं, तर वेंडेलने ते पायाने दाराखालच्या फटीतून परत बाहेर सारलं. जमलेल्या पैलवानांनी टाळ्या वाजवल्या. असा चिवट बचाव त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

पाच वाजले. ऑर्विलने घड्याळ पाहिलं, पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलं आणि हॅट उचलून निघून गेला. वेंडेल नाचतच बाहेर आला.

सहाला शेरीफ आला. तो प्रेमाने म्हणाला, "अभिनंदन टॅकेटसाहेब. आमदार हरले, सकाळीच निकाल लागला. तुमचा वकील दिवसभर फोन करतोय म्हणे. परवाना दाखवा, म्हणजे दारं उघडतो."

"कुठला परवाना?"

"न्यायाधीशांनी पाकिटातून पाठवला तो. पाचच्या आत सही केली नाही तर रद्द."

डार्लीन तडक भावाला फोन करायला गेली.

पुढच्या वसंतात आठकोनी पिंजऱ्यात दोनशे कोंबड्या नांदत होत्या. वेंडेल दाणे टाकत असताना फाटकात तीच तपकिरी हॅट दिसली, बगलेत तसंच लांबट पाकीट. या खेपेला तो शहाणा झाला होता. दाण्यांची बादली टाकून धावला, पाकीट जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि तिथल्या तिथे सही ठोकली.

"यात काय आहे ते मात्र मला ठाऊक आहे," ऑर्विल ओशाळून म्हणाला. "शेजाऱ्यांनी पिंजरा पाहिला साहेब. चोरून कोंबडझुंजी भरवल्याच्या संशयाची नोटीस आहे."